कुसुमताईची मंगलाष्टकं

लग्नात भटजींचे श्लोक झाले की घरच्यांसाठी रचलेली मंगलाष्टकं म्हणायची, त्यात नवरानवरीची नावं गुंफायची, ही रीत आमच्या अड्याळात तेव्हा फार होती. ती रचायची माझी मोठी जाऊ, कुसुमताई. आमचं घर विणकरांचं. हातमागासाठी सुताच्या कांड्या भरताना ताई चरख्याच्या फेऱ्यावर ओळी गुणगुणे. मन लागलं तर दुपारपर्यंत सगळी कडवी तयार. लग्नात ती गायची मी.

"मले गाता येत नाही अन् तुले सुचत नाही," ती म्हणे. "दोघी मिळून कशीबशी एक बाई होते."

तिची एकुलती लेक सत्यवती दिघोरीला दिली, तेव्हाची मंगलाष्टकं ऐकताना बायका अक्षता टाकायच्या विसरल्या होत्या. तिसऱ्या वर्षी सत्यवती बाळंतपणात गेली. बाळही गेलं. मग ताईला ओळ सुचेना. कोणी मागायला आलं की म्हणे, "मन नाही लागून राहिलं."

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात व्याही श्यामराव आले. जावयाचं दुसरं लग्न ठरलं होतं. आमच्यात जावयाच्या दुसऱ्या बायकोलाही आपलीच लेक मानतात, तेव्हा ते हक्कानं बोलले.

"इहीणबाई, चंद्रकांता तुमचीच पोरगी समजा. मंगलाष्टकं तुमच्याच हातची पाहिजेत."

ताई नाही म्हणू शकली नाही. चार दिवस चरख्याशी बसली, काही आलं नाही. पाचव्या दिवशी कागद घेतला आणि चंद्र, चांदणी, वेल, मांडव असं जुळवून टाकलं. मी वाचलं. वृत्त कुठे अडखळत नव्हतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"बरोबर आहे, पण जीव नाही त्यात. सत्याच्या वेळचं ऐकलं आहे त्यायनं. कळंलच त्यायले."

हे म्हणताना ती घाबरलेली नव्हती. कुणाला तरी कळावं, अशीच तिची इच्छा होती.

दिघोरीच्या मांडवात मी गायले. ताई एकेकाचं तोंड बघत उभी होती. अक्षता वेळच्या वेळी पडल्या, वाजंत्री वाजली. पंगतीत नवरदेवाची बहीण रुखमा वाढता वाढता थांबली.

"मावशी, सत्यावहिनीच्या वेळेपेक्षा बी मस्त झाली या खेपेची. काहून बंद केलं होतं लिहिणं?"

ताईनं चंद्रकांताची ओटी भरली, तोंड भरून आशीर्वाद दिला. परतताना एसटीत म्हणाली,

"कला, सत्याच्या लग्नात माझं मन पोचलं त्यायच्यापर्यंत, असं मले वाटत होतं."

"पोचलंच होतं, ताई."

"मंग आज काय पोचलं?"



त्यानंतर ताईनं कुणाला परत पाठवलं नाही. नावं विचारायची आणि माणूस चहा पिऊन उठायच्या आत कागद हातात द्यायची. ताईचं मन पुन्हा लागलं, म्हणून गाव खूश होतं. तशी कितीतरी मंगलाष्टकं मी पुढे गायले. त्यातली एकही ओळ आज आठवत नाही.