माहेरचं नाव

साडीला फॉल लावून आणते, असं सासूबाईंना सांगून चिन्मयी खासबागेतल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या दवाखान्यात येऊन बसली होती. बाळंतपणापासून तिचं कशातच मन लागत नव्हतं. हल्ली तर लेक रडायला लागली की ती नुसती बघत राहायची, आणि त्या बघण्याचीच तिला धास्ती वाटायची.

सासरच्या शहापूरचं कुणी दिसेल म्हणून तिची नजर दारावरच होती. नंबर लावतानाही तिनं सावधपणे माहेरचं नाव दिलं होतं.

"केतकी!" काउंटरवरच्या आक्कांनी हाक दिली. कुणी उठलं नाही. पुन्हा हाक. चिन्मयीला त्या केतकीचा रागच आला. नंबर लावायचा आणि यायचं नाही!

"केतकी न्हाय व्हय आलेली? मग पुढचं नाव घेतो बगा. परत पंधरा दिवस नंबर न्हाय."

"भ्याली असंल पोर," शेजारची म्हातारी म्हणाली. "मी बी दोनदा दारातनं परत गेलतो."

चिन्मयीनं ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. लग्नात नवऱ्यानं तांदळात नवं नाव लिहिलं, तरी आई जुन्याच नावानं हाक मारायची. आई गेल्यापासून ते नाव कुणी उच्चारलंच नव्हतं.

"थांबा!" ती उठली. "मीच ती."

"मग मघापासून काय करत होतीस गं?"

"विसरले होते."

आक्कांनी वहीत खूण केली. म्हातारीनं तिच्या हातातली साडीची पिशवी काढून घेतली.

"जा बाई आत. ही मी बघतो."