कुलपातलं तेल

फळीवरच्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलेल्या किल्लीवर बाबा कानस चालवत होते. समोर गॅरेजवाला उभा होता. कपाटाची किल्ली त्याने पुन्हा हरवली होती.

"आता ही गळ्यात बांधा," बाबा म्हणाले. "नाहीतर कपाटच घेऊन फिरा."

"बायको म्हणते, मलाच कुलूप लावून ठेवायला हवं."

"तुम्हीच उभे राहा इथे. माप घेतो."

गॅरेजवाला हसत गेला. बाबा जामिनावर सुटून आल्यापासून दुकानात येणारे थोडेच उरले होते, त्यांतला तो एक. मुलीने चहाचा कप आणून ठेवला. बाबांनी फुंकर मारून फळीवरचा कीस उडवला.

याच दुकानात, एका सुट्टीच्या दुपारी, शटर अर्धं ओढून एकाने तिच्या गळ्याला सुरा लावला होता. दुसरा बाबांना कोपऱ्यावरच्या गोदामाकडे घेऊन गेला. बाबांनी कुलूप उघडलं. आतून पहारेकरी धावत आला, त्याच्या डोक्यात त्या दरोडेखोराची लोखंडी कांब बसली आणि तो पुन्हा उठला नाही.

कोर्टात बाबांच्या वकिलांचं म्हणणं साधं होतं: पोटच्या पोरीच्या जिवाची धमकी देऊन जे करून घेतलं, त्याची शिक्षा या माणसाला देऊ नये. मग सरकारी वकिलांनी विचारलं, कुलपात तेल कोणी घातलं? आणि बाबा खुलले. कुलूप कोरडं होतं. तसाच जोर लावला असता तर आतली पट्टी वाकली असती. आधी थेंबभर तेल सोडायचं, मग ते मुरेपर्यंत जरा थांबायचं. सुऱ्याबद्दल ते जेमतेम बोलले होते, कुलपाबद्दल मात्र बोलतच राहिले. जीव टांगणीला लागलेला माणूस तेल मुरायची वाट बघत नाही, असं निकालात आलं. बाबा दरोडेखोरांचे साथीदार ठरले. आता अपिलाची तारीख जवळ आली होती.

"वकील म्हणत होते, तेलाचं बोलायलाच नको होतं," मुलगी म्हणाली.

"विचारलं, म्हणून सांगितलं. घाबरलो की माझे हात जास्तच नीट काम करतात, त्याला मी काय करू?" बाबांनी किल्ली उजेडात धरून पाहिली. "कोर्टाचं जाऊ दे. तुझं काय म्हणणं?"

"कशाबद्दल?"

"मी उघडायला नको होतं का?"

रस्त्यावर कोणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं. तिने कपाखालची बशी सरळ केली.

"चहा निवतोय, बाबा."

त्यांनी मान डोलावली आणि कप उचलला, जणू चहाबद्दलच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

आरोपी वारला की अपील तिथंच संपतं, पण मुलीने अर्ज दिला तर ते पुढे चालू शकतं, असं वकिलांनी सांगितलं. तिने अर्ज दिला.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या बाकावर पहारेकऱ्याची बायको बसली होती. प्रत्येक तारखेला ती येई. तिच्यासमोरून जाताना मुलगी मान खाली घाली. दोघी आजवर बोलल्या नव्हत्या. आज बाईंनी सरकून जागा केली.

"वडील गेले ना तुझे?"

"हो."

"मग हे आणखी कशाला? गेलेल्या माणसाला कुठून सोडवणार?"

"त्यांनी आपणहून केलं नाही, एवढंच लिहून हवंय."

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"सुरा तुझ्या गळ्याला होता, हे मी कधी खोटं म्हटलं नाही, पोरी. मलाही लेक आहे." चष्मा परत घालायला त्यांना वेळ लागला. "पण माझा माणूस गेला. तुला तरी वाटतं ना, की उघडायला नको होतं? तेवढं एकदा म्हण. मग मी घरी जाते."

आत शिपाई केसचा पुकारा करत होता. जे झालं ते फार वाईट झालं, हे वकिलांनी शिकवलेलं वाक्य मुलीच्या तोंडात तयार होतं. ते खोटंही नव्हतं. बाईंची पावलं सुजली होती. चपलेचे पट्टे त्यांनी सोडून ठेवले होते.

"नाही वाटत," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की पलीकडच्या बाकावरची माणसं वळली. "उघडलं ते बरं केलं त्यांनी. मला जगायचं होतं."