तिसरा टोला

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. दारावरची नव्हे आणि सायकलवरचीही नव्हे. मी टेबलावर बसणारी घंटी. डोक्यावर एक बटण आहे, ते दाबलं की मी एकदाच 'टिंग' म्हणते आणि गप्प बसते. एवढंच माझं बोलणं, पण त्या बोलण्यावर लहान मुलांनी कोणता सिनेमा पाहावा आणि कोणता पाहू नये, याचा निकाल लागत असे. माझा डंका मीच पिटते आहे असं तुम्हाला वाटेल, पण पितळेच्या वस्तूकडून तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेच्या पत्र्यातून गोल चकती कापली, साच्यात दाबली, की झाला माझा घुमट. आत एक चिमुकली हातोडी, वर बटण, खाली लाकडी बैठक. घंटी बाहेर पाठवण्याआधी एक म्हातारा कारागीर ती कानाशी धरून वाजवून बघायचा. माझ्या वेळी त्याने दोनदा वाजवली, भुवया उंचावल्या आणि शेजाऱ्याला म्हणाला, "आवाज जरा खडूस आहे हिचा. असू दे, शाळाबिळावाले घेतील." जन्मल्या जन्मल्या असं ऐकून घ्यावं लागलं, पण त्याचं भाकीत फारसं चुकलं नाही.

चार वर्षं मी कागद-पेनांच्या दुकानात काचेमागे धूळ खात बसले. मग एक दिवस वाचनालयाच्या ग्रंथपालबाई आल्या आणि मला घेऊन गेल्या. त्यांच्या बालविभागात चाळीस मुलं एकदम बोलत आणि बाईंचा आवाज पडला खालचा. माझ्या एका टोल्यात सगळी चिडीचूप होऊ लागली. बाई रोज सकाळी मला पदराने पुसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत. मीही फुगले. मुलं माझ्याकडे वाकड्या नजरेने बघतात हे दिसत होतं, पण शिस्तीच्या माणसाचं कुठे कौतुक होतं, अशी मी मनाची समजूत घातली.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक सभागृह होतं. तिथे दर रविवारी सकाळी बाई मुलांना सिनेमा दाखवत. हा त्यांचा जीव की प्राण. पडदा त्यांनी स्वतः शिवला होता आणि प्रोजेक्टरला त्या लहान बाळासारखं जपत. पण एका रविवारी घोटाळा झाला. सिनेमाच्या डब्यावर 'संपूर्ण कुटुंबासाठी' असं ठळक छापलेलं होतं, आणि पाचव्याच मिनिटाला पडद्यावरच्या कुटुंबातल्या काकांनी मामांना विहिरीत ढकललं. दुसऱ्या दिवशी पालकांची रांग लागली. मग ठरलं, की यापुढे सिनेमा आधी समितीने बघायचा आणि मगच मुलांना दाखवायचा.

समितीत तिघं जण होते. अध्यक्षस्थानी निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. सरांनी तीस वर्षं शाळा चालवली होती आणि निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. दुसरे दातांचे डॉक्टर. तिसऱ्या बाई. दर शुक्रवारी दुपारी तिघं सिनेमा बघत आणि ज्याला जे खटकेल तिथे त्याने मला दाबायचं, असा नियम झाला. माझी बढती झाली म्हणा ना.

सरांना मुलांनी मोठ्यांना उलट उत्तर दिलेलं खपत नसे. टिंग. डॉक्टरांना मारामारीचं काही वाटत नसे, पण एखाद्या मुलाने झोपताना गोड गोळी तोंडात टाकली, की त्यांचा हात माझ्यावर आलाच. टिंग. बाई एरवी मऊ, पण कुणी पुस्तकाचं पान दुमडलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. तिघांना मिळून एखादं दृश्य कधीच खटकलं नाही. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात, ते मी डोक्यावर सोसलं.

सुरुवातीला अशी खटकलेली दृश्यं नुसती झाकायची पद्धत होती. रविवारी ते दृश्य जवळ आलं की सर मला वाजवत, आणि बाई पुठ्ठ्याची फाइल प्रोजेक्टरच्या भिंगापुढे धरत. पडदा काळा. दृश्य संपलं की पुन्हा टिंग आणि फाइल बाजूला. तिघांनाही ही युक्ती फार आवडली. फक्त एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. चित्र झाकलं तरी आवाज चालूच राहतो.

पुढे एका सिनेमात दोन मांजरांचं भांडण होतं. सरांच्या मते ते फार हिंसक. रविवारी मी वाजले, पडदा काळा झाला आणि अंधारात त्या मांजरांनी जो काही आक्रोश केला, तो ऐकून मुलांची बोबडी वळली. एकाला वाटलं कुणाला तरी चिरतायत. एकीला वाटलं भूत रडतंय. सहा जणांनी भोकाड पसरलं, दोघं खुर्चीखाली गेले आणि एकाची चड्डी ओली झाली. पडदा उजळला तेव्हा दोन मांजरं शेजारी बसून अंग चाटत होती, पण तेव्हा तिकडे बघायला होतं कोण?

पुन्हा पालकांची रांग. मग सरांनी नियम कडक केला. झाकपाक बंद. शुक्रवारी तीन टोले पडले की सिनेमा सरळ नापास. कुणाचे का असेनात, तीन.

मित्रांनो, त्यानंतर पाच महिन्यांत एकच सिनेमा पास झाला. मधमाश्या मध कसा करतात, यावरचा. त्यालाही डॉक्टरांचे दोन टोले होतेच. तो सिनेमा आम्ही रविवारमागून रविवार दाखवला. आधी पन्नास मुलं यायची, मग वीस, मग चार. त्या चारांनाही पोळ्याची सगळी माहिती तोंडपाठ झाली होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशी समिती शुक्रवारी तीन टोले मोजून घरी जाई. मला मात्र कसनुसं होऊ लागलं. आपण वाजतो म्हणून खुर्च्या रिकाम्या राहतात, हे कळायला पितळेलाही वेळ लागत नाही.

शेवटी वाचनालयाचे अध्यक्ष वर आले. उंच, घाईत असलेले गृहस्थ. त्यांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि बाईंना सांगितलं, की या रविवारी वीस मुलं आली नाहीत, तर पुढच्या रविवारपासून सभागृह मोठ्यांच्या व्यायामवर्गाला द्यायचं. ते गेल्यावर बाई पडद्याची एक उसवलेली कड कितीतरी वेळ शिवत बसल्या. मला फार वाईट वाटलं. त्या महिन्यात आलेला एकच सिनेमा उरला होता. तो शुक्रवारी पास झाला तर ठीक, नाहीतर रविवारी पुन्हा मधमाश्या.

त्या शुक्रवारी सर आपल्या सहा वर्षांच्या नातीला घेऊन आले. तिच्या शाळेला सुट्टी होती आणि आई दवाखान्यात कामावर. तिचे पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे डॉक्टर सिनेमापेक्षा तिच्याच तोंडाकडे जास्त बघत होते. तिला समोरच्या बुटक्या बाकावर बसवलं, माझ्या अगदी जवळ. मुलांसाठी सिनेमा निवडायला बसलेल्या समितीने एक मूल खोलीत येऊ दिलं, ते असं नाइलाजाने. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

सिनेमा सुरू झाला. घर बदलून दुसऱ्या गावी जाणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट होती, आणि त्यांचा एक तपकिरी कुत्रा होता. दहाव्या मिनिटाला मुलाने अंथरुणात चॉकलेट खाल्लं. डॉक्टरांनी टोला दिला. विसाव्या मिनिटाला तोच मुलगा वडिलांशी खोटं बोलला. सरांनी टोला दिला. झाले दोन. बाईंनी हळूच मला आपल्याकडे ओढलं आणि तळहाताखाली धरलं.

मग माळ्यावरच्या अंधारात एक पांढरं भूत उभं राहिलं. डॉक्टरांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. सर दचकले आणि त्यांचं बोट माझ्याकडे निघालं. एवढ्यात नात खदखदून हसली. "आजोबा, ती चादर आहे. खाली बूट दिसतायत," ती म्हणाली. सरांनी नीट पाहिलं. बूट होते. बोट मागे गेलं.

पुढे सामान गाडीत चढलं. निघायच्या गडबडीत आईला वाटलं कुत्रा मुलाजवळ आहे, मुलाला वाटलं तो आईजवळ आहे. गाडी निघाली. कुत्रा वळणापर्यंत मागे धावला आणि मग रस्त्याच्या मधोमध बसून राहिला. मारामारी नाही, भूत नाही, उलट उत्तर नाही. समिती अगदी निर्धास्त होती. डॉक्टर थर्मासमधून चहा ओतत होते, आणि बाईंनीही चहाचा पेला घ्यायला माझ्यावरचा हात उचलला.

तेवढ्यात एक लहानसं बोट आलं आणि त्याने मला दाबलं.

टिंग.

बाईंचा चेहरा पडला. सर नियमाचे पक्के. त्यांनी सिनेमा थांबवायला लावला, वही उघडली आणि 'नापास' लिहायला पेनाचं टोपण काढलं.

"बंद नका करू ना," नात म्हणाली. तिचे डोळे डबडबले होते.

"मग घंटी का वाजवलीस?" सरांनी विचारलं.

"आईच्या दवाखान्यात अश्शीच आहे. ती वाजवली की कुणीतरी येतं."

मित्रांनो, मी इतकी वर्षं वाजले ती गप्प बसवायला, नाहीतर नापास करायला. मला वाजवून कुणी कुणाला बोलावतं, हे मला ठाऊकच नव्हतं. खडूस म्हणून जन्मले आणि खडूसच जगले. त्या क्षणी मात्र माझ्या घुमटात जे थरथरत होतं, ते त्या टोल्याचं उरलेलं कंपन नव्हतं.

सरांनी पेन खाली ठेवलं. समितीची बैठक चालू असताना ते खुर्ची सोडत नसत. त्या दिवशी ते गुडघे धरून उठले आणि नातीच्या बुटक्या बाकावर जाऊन बसले. त्यांचे गुडघे पार हनुवटीपर्यंत आले. तिने त्यांची दोन बोटं मुठीत धरली आणि बाईंना सांगितलं, "आता लावा."

कुत्रा दोन गावं ओलांडून शेवटी नव्या घराच्या पायरीवर पोहोचला. नातीने टाळ्या पिटल्या. सरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि या प्रोजेक्टरमुळे खोलीत फार उकडतं म्हणाले. डॉक्टरांना चिंता वेगळीच होती, की दोन गावं ओलांडेपर्यंत त्या बिचाऱ्याने खाल्लं काय.

मग नियमाचा प्रश्न आला. टोले तीन पडले होते. डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं आणि जरा चाचरत म्हणाले, की मुलगी समितीची सदस्य नाही, तेव्हा तिचा टोला न धरला तरी चालेल.

"धरायचा तर तिचाच धरायचा, डॉक्टर," सर म्हणाले. "आपले दोन खोडून टाका. मुलांना कुठे दुखतं ते आपल्याला कळत नाही, आणि जिथे दुखत नाही तिथे आपण मलम लावत बसलोय."

सरांनी स्वतःच्या हाताने सूचना लिहून खालच्या फळ्यावर लावली. 'रविवारचा सिनेमा लहान मुलांसाठी योग्य आहे. मात्र येताना शेजारी बसायला एक मोठं माणूस आणावं.' योग्य की अयोग्य, यापलीकडेही काही लिहिता येतं, हे पाच महिन्यांत कुणालाच सुचलं नव्हतं.

रविवारी एकतीस मुलं आली. सोबत आई, बाबा, आत्या, मावश्या, आजोबा. खालून खुर्च्या आणाव्या लागल्या. दारात अध्यक्ष उभे होते, मुलं मोजत. सतरापर्यंत आले होते, तेवढ्यात दोन जुळ्या बहिणी त्यांच्यापुढे येऊन ठाकल्या. त्यांची आत्या ऐनवेळी कामावर गेली होती आणि नियमाप्रमाणे त्यांना मोठं माणूस हवं होतं. एकीने त्यांना विचारलं, "तुम्ही मोठे आहात ना?" अध्यक्षांना नाही म्हणता येईना. दोघींनी त्यांना मध्ये बसवलं आणि दोन्ही बाजूंनी एकेक हात ताब्यात घेतला, त्यामुळे बोटांवर मोजणंही खुंटलं.

कुत्रा रस्त्यात बसला तेव्हा सभागृहात कुणी रडलं नाही असं नाही. पुष्कळ जण रडले, त्यात मोठी माणसं जास्त होती. पण खुर्चीखाली कुणी गेलं नाही. सिनेमा संपल्यावर अध्यक्ष बाईंकडे आले. व्यायामवर्गाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. जुळ्यांनी विचारायला सांगितलंय म्हणाले, की पुढच्या रविवारी काय आहे.

आता मी म्हातारी झाले आहे. माझी चमक गेली आहे आणि पावसाळ्यात बटण अडकतं. महिन्यातून एकदा मला कोरड्या फडक्याने पुसलंत, तर बरं वाटेल. नाही जमलं तरी माझी तक्रार नाही. पण एक मागणं आहे. मित्रांनो, पडद्यावर काही पाहून तुमच्या पोटात गोळा आला, तर डोळे मिटून एकटे बसू नका आणि हसतील म्हणून लाजूही नका. शेजारच्या खोलीतल्या मोठ्या माणसाला हाक मारा. ती माणसं आधी 'काय झालं आता' म्हणून कुरकुरतात, गुडघे धरतात, चष्मा शोधतात आणि उठायला फार वेळ लावतात. पण येतात.