मुठीतला फुगा

मी एक रबरी फुगा बोलतोय. वाढदिवसाचा नव्हे. एमआरआयच्या बोगद्यात माणसाला सरकवण्याआधी त्याच्या हातात देतात ना, तो. लिंबाएवढा, करडा, पोटात नुसती हवा आणि शेपटीला लांब नळी. आता जे सांगणार आहे त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं बोललो तर माझ्यातली हवा जाईल, ही माझी शपथ.

माझा जन्म घनदाट जंगलात एका रबराच्या झाडावर झाला. पहाटे वाघ येऊन त्या झाडाला पाठ घासायचा. बरं, वाघ नव्हता. झाडही मी कधी पाहिलेलं नाही. एका कारखान्यात साच्यातून आम्ही सगळे भाऊ बदाबदा पडलो आणि एका बाईने आम्हाला एकेक करून दाबून पाहिलं. मात्र इथून पुढचं सगळं खरं.

मी राहतो त्या खोलीला खिडकी नाही. दार तिजोरीसारखं जाड. मधोमध आमचे दादा, म्हणजे एमआरआय मशीन, ठाण मांडून बसलेले. दादांच्या पोटात भलंमोठं लोहचुंबक आहे आणि ते कधीच बंद नसतं. म्हणून इथे किल्ली, नाणं, टाचणी काही आणायचं नाही. एकदा एका डॉक्टरांच्या खिशातलं पेन दादांनी असं ओढलं, की डॉक्टरही पेनामागोमाग जाऊन दादांना चिकटले. म्हणजे, पेन एकटंच चिकटलं. डॉक्टर नुसते ओरडले.

लोखंडाला मज्जाव, म्हणून माझ्यासारख्या हवेच्या पोराला इथे नोकरी लागली. आत माणूस घाबरला की मला दाबतो. हवा नळीतून पलीकडच्या खोलीत जाते, तिथे ‘टीं’ वाजतं आणि टेक्निशियन ताई मशीन थांबवते. झालं माझं काम.

पण नळी दादांच्या कमरेला बांधलेली. ती पुरते तेवढंच माझं जग, पलंगाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्यातही दिवसभर कुणाच्या तरी मुठीत. मूठ बोगद्यात, बोगदा खोलीत, खोली जाड दाराआड. आणि गंमत बघा, एवढ्या कैदेतल्या मला माणसं सुटकेची किल्ली समजतात.

चेहऱ्यांचं मला काही कळत नाही. मुठींचं विचारा. एक शिक्षिका होत्या, त्या ‘झालं का?’ एवढं विचारायलाच मला दाबायच्या. एका पहिलवानाने नाकाला खाज सुटली म्हणून दाबलं. एक गृहस्थ मात्र तासभर गप्प पडून होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “छे, भीती कसली!” माझ्या अंगावर त्यांच्या चारही नखांचे खड्डे होते. ते अजून बुजलेले नाहीत.

एका दुपारी स्ट्रेचरवरून एका काकांना आणलं. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. सकाळी उठले तेव्हा पावलं बधिर होती, दुपारपर्यंत बधिरपणा गुडघ्यांवर आला होता. मणक्यात काहीतरी नसांना दाबत होतं. नेमकं कुठे, ते फोटोत दिसल्याशिवाय मणक्याचे डॉक्टर ऑपरेशन करणार नव्हते. आणि उशीर झाला तर पाय कायमचे जाणार होते. हे सगळं दाराशी ताई आणि मोठ्या डॉक्टरांचं हळू आवाजात चाललेलं बोलणं. मी ऐकलं.

“काका, हा फुगा धरा. त्रास झाला तर दाबा. हलायचं मात्र नाही हं,” ताई म्हणाली.

“हलतोय कसला? पायच ऐकत नाहीत. माझ्यासारखं शहाणं गिऱ्हाईक तुला मिळायचं नाही.”

“नसते विनोद पुरेत,” दाराशी उभ्या काकू म्हणाल्या.

काका आत सरकले. नाकापासून वीतभर अंतरावर छत. दादांनी ठोकायला सुरुवात केली, ठक ठक ठक ठक. लगेच माझ्यावर पंजा आवळला. टीं!

ताई धावत आली. “काय झालं, काका?”

“मशीन बंद ठेव. आत काहीतरी सैल झालंय. लिफ्टमध्ये असा आवाज आला तर आम्ही माणूस आत सोडत नाही.”

“अहो, ते असंच ठोकतं. नेहमीचा आवाज आहे तो.”

“सगळे असंच म्हणतात. मग लिफ्ट अडकली की मला फोन.”

दादा तेवढ्यापुरते हिरमुसले असावेत. पण मला ठाऊक होतं, दादांचा एकही बोल्ट ढिला नव्हता. काकांचा तळवा घामाने निथळत होता. ढिले काका झाले होते.

गुंगीचं औषध द्यायचं तर भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेले. त्यांची वाट पाहायची, तर बधिरपणा कुणाची वाट पाहत नव्हता. ताईने काकूंना आत घेतलं. कानातलं, केसांतल्या पिना, सगळं बाहेर ठेवायला लावलं आणि पायाशी बसवलं. “पाय धरून बसा. आपलं माणूस जवळ आहे म्हटलं की धीर येतो.” हे इथे नेहमीच करतात. आई लेकराचा पाय धरते, सून सासऱ्यांचा धरते. मी कित्येकदा पाहिलंय, मुठी खरंच सैल होतात.

काका पुन्हा आत गेले. ठक ठक ठक. काकांनी सोसलं, सोसलं, आणि टीं!

बाहेर येताच ते काकूंवर घसरले. “पाय सोडलास ना? एवढ्यात कंटाळलीस?”

काकांचं पाऊल काकूंनी दोन्ही हातांनी गच्च धरलेलं होतं. काकांनी मान उचलून खाली पाहिलं.

“धरलायस की गं,” ते म्हणाले.

ताईने खाली बघत उगाच चादर सारखी केली. मग नेहमीच्या सवयीने म्हणाली, “काका, फार नाही. पाचच मिनिटं.”

“ताई, ते वाक्य माझं आहे. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना मी तेच सांगतो. पाचच मिनिटं, दारातच आहे.”

“दारात कसले?” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “चहाचा कप हातात असतो आणि फोनवर दारात पोचलेले असतात.”

“म्हणूनच म्हणतोय. हिला विचार माझी पाच मिनिटं केवढी असतात. तू मला काहीही सांग, पण ते सांगू नकोस. पाच मिनिटं ऐकलं की मला वाटतं, कुणी निघालेलंच नाही.”

ताई पलंगाच्या कडेला टेकली. “मग ऐका. अर्धा तास लागेल. प्रत्येक भागाआधी मी सांगेन, हा लहान, हा मोठा. शेवटचा सगळ्यात मोठा आणि कर्कश. तो मध्ये थांबवलात तर पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल. तरी फुगा दाबलात, तर त्या क्षणी मी थांबवणार. त्यात खोटं नाही.”

“आत्ता कसं माणसासारखं बोललीस.”

“आणि मी पायाशी बसणार नाही,” काकू उठत म्हणाल्या. दादांचा बोगदा दोन्हीकडून उघडा असतो. त्या वळसा घालून मागे गेल्या, वाकल्या आणि आत हात घालून काकांच्या टकलावर ठेवला.

“हे कळतंय?”

“कळतंय. हात गार पडलाय तुझा.”

“डोकं तापलंय तुमचं.”

तिसऱ्यांदा सुरू झालं. दर वेळी स्पीकरमधून ताईचा आवाज यायचा. हा लहान आहे. हा मधला, थोडं घरघरेल. आता मोठा ठोका. जे सांगायची तेच व्हायचं. काकूंचा हात तसाच. त्यांची कंबर भरून आली असणार, पण हात हलला नाही. मी काकांच्या मुठीत, मिळेल तेवढाच श्वास घेत होतो.

मग ताई म्हणाली, “काका, हा शेवटचा. मोठा आहे.”

तो आवाज म्हणजे पत्र्याच्या खोलीत गारांचा मारा. आणि अर्ध्यात काकांनी मला दाबलं. सगळ्या जोरानिशी दाबलं! मी विचार केला, वाजलो तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. यांच्यात आता पुन्हा सोसायची ताकद नाही. म्हणून मी दम धरला. हवा नळीच्या तोंडाशी येऊन धडका देत होती, रबर ताणून कागदासारखं पातळ झालं होतं, पण मी ‘टीं’ होऊ दिलं नाही. मी, एवढासा फुगा, लिफ्टवाल्या काकांच्या पंज्याशी झुंजलो आणि त्यांचे पाय वाचवले.

आवाज थांबला. दार उघडलं तेव्हा मणक्याचे डॉक्टर पलीकडे कॉम्प्युटरच्या पडद्यासमोरच उभे होते. फोटो पाहताच म्हणाले, “वॉर्डात नको. इथूनच ऑपरेशनला घ्या.” स्ट्रेचर गेलं. नळी दारापर्यंत पुरत नाही, त्यामुळे पुढचं मला दिसलं नाही. इथे येणारं प्रत्येक माणूस असंच अर्ध्यावरून जातं. पण काही दिवसांनी वॉर्डातली मावशी ताईला सांगत होती, “तुझ्या लिफ्टवाल्या काकांच्या पायाला बायकोने चिमटा काढला. असे ओरडले म्हणून सांगू, सगळा वॉर्ड उठून बसला! आणि ती बाई हसतेय, रडतेय, परत चिमटे काढतेय.”

मी अजून त्याच नळीला आहे. रंग विटलाय. तुमच्यावर ही पाळी येऊ नये, पण आलीच तर मला धरा. नाक खाजलं म्हणून दाबा, उगीच दाबा, भीती वाटली म्हणून दाबा. मी वाजेन. दाबल्यावर मी गप्प बसलो, असं आजवर एकदाही झालेलं नाही.

म्हणजे ती झुंजीची गोष्ट खोटी. ताईने काकांना शब्द दिला होता, तो मी कसा मोडेन? पण ज्या गोष्टीत आपण काहीच केलं नाही ती सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून तेवढं रचलं. खरं असं झालं, की तो शेवटचा कर्कश आवाज सुरू झाला, काकूंचा हात टकलावर तसाच होता, आणि थोड्या वेळाने काकांची बोटं एकेक करून सुटत गेली. मी तळव्यावरून घरंगळून चादरीवर पडलो. काकांनी मला परत शोधलंसुद्धा नाही. आवाज थांबेपर्यंत मी तसाच पडून होतो, कुणाच्याही मुठीत नसलेला.