वाढत्या अंगाची गिटार

इतवारीतल्या 'घाटोळे ड्रेसेस'मधून आजवर एकही पोरगं स्वतःच्या मापाचा गणवेश घेऊन बाहेर पडलेलं नाही. मारोतराव घाटोळे गल्ल्यावर बसून विचारणार, "कितवीत गेला?" आई म्हणणार, "तिसरीत." की मारोतराव फळीवरून चौथीचा शर्ट काढणार. "वाढत्या अंगाचं हाय, ताई. यंदा बाह्या दुमडा, पुढल्या साली सोडा." स्कर्टच्या आत चार बोटं कापड दुमडलेलं, पँटच्या आत तेवढंच. अर्ध्या नागपूरची पोरं बाह्या दुमडत मोठी झाली, आणि मारोतरावांना त्याचा कोण अभिमान!

आता दुकानात हा कायदा, तर घरातली पोरगी कशी सुटणार? भूमिकाच्या लहानपणीच्या एकाही फोटोत तिच्या हाताची बोटं दिसत नाहीत. बुटात कापूस, स्कर्ट पोटऱ्यांपर्यंत, आणि सायकल अशी, की पॅडल मारायला सीटवरून डावीकडे घसर, उजवीकडे घसर. "होते ना मोठी," मारोतराव म्हणायचे. गंमत अशी, की भूमिका मोठी झालीच नाही. म्हणजे वयानं झाली, कॉलेजात गेली, एकोणीस पूर्ण केली. उंची मात्र आठवीत चार फूट नऊ इंचांवर थांबली ती थांबलीच. दुमडलेलं कापड कधी सोडावंच लागलं नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, एका मारोतरावांना सोडून.

तर भूमिकाच्या यंदाच्या वाढदिवसाला मारोतराव मनीषनगरच्या घरी आले ते पाठीला एक लांबलचक काळं कव्हर बांधून. स्कूटरवर मागून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस शिडी घेऊन चाललाय. कव्हरात इलेक्ट्रिक गिटार होती. भूमिका आतेभावाच्या, विक्कीदादाच्या जुन्या लाकडी गिटारवर शिकली होती. आता कॉलेजात वर्गातल्या रितिकानं गाण्याचा ग्रुप काढला होता आणि गॅदरिंगला स्वतःचं गाणं वाजवायचं ठरलं होतं. गाण्याच्या सुरुवातीचा गिटारचा तुकडा भूमिकानं बसवला. तो ऐकून रितिका ओरडलीच होती, "भूमे, हे तं जबरदस्त आहे बे!" भूमिकाची उंची सोडून दुसऱ्या कशाबद्दल कुणी इतकं जोरात बोललं, असं पहिल्यांदाच झालं होतं. ती दोन दिवस हवेत होती.

"घे!" मारोतरावांनी कव्हराची चेन उघडली. "दुकानातली सगळ्यात मोठी. वजनाले बी भक्कम. तिथली बाई म्हणे, पोरीले घेऊन या, तिले हातात धरून पाहू द्या. म्या म्हटलं, बाई, मापाचं मले नका सांगू, जिंदगीभर मापच देऊन राहिलो."

गिटार देखणी होती, यात वाद नाही. लालभडक, चकचकीत. भूमिकानं पट्टा गळ्यात अडकवला आणि गिटारनं तिला खाली ओढलं. पट्टा होता होईल तितका आखूड केला, तरी गिटार मांड्यांवर लोंबत होती.

भूमिकाची आई शामला ओट्याशी पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं आणि हसून हसून भिंतीला टेकली. "अवं माय! पोरीनं गिटार घातली का गिटारनं पोरगी घातली?"

"हसून काय राहिली? वाढत्या अंगाची हाय ते," मारोतराव म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुललेला, की भूमिकाच्या तोंडून "मस्त आहे, बाबा" याशिवाय काही निघालंच नाही. झालं! घोळ तिथेच झाला.

गाणं रितिकाच्या आवाजाला चढं जात होतं, म्हणून ग्रुपनं पट्टी खाली घेतली. त्याबरोबर भूमिकाचा तुकडा सरकला तो गिटारच्या मानेच्या पार टोकाला. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात आणि त्या पट्ट्यांमध्ये बोटं ठेवायची घरं. टोकाकडे जावं तशी ही घरं रुंद होत जातात. त्यात गिटार लांब, म्हणजे ती आणखी रुंद. पहिलं बोट पहिल्या घरात दाबून ठेवायचं आणि करंगळी चौथ्या घरात टाकायची, एवढंच काम. पण करंगळी ऐन मोक्याला अलीकडेच आदळायची आणि तार खरखर करायची. भूमिकानं सकाळी उठून सराव केला, रात्री जेवणाआधी केला, मनगट सुजलं तर आईच्या नकळत हळद लावली. करंगळी काही हलेना.

शेवटी रितिका म्हणालीच. ती वाईट नव्हती, पण स्पष्ट होती. "भूमे, शनिवारच्या तालमीत बसलं तर ठीक. नाही तं तुकडा आपल्या वर्गातल्या रोहितला देऊ. त्याचा पंजा मोठा आहे. तू आमच्यासंग कोरसमध्ये उभी राहा."

कोरसमध्ये! म्हणजे तुकडा आपण बसवायचा, आणि दुसरा वाजवत असताना मागे उभं राहून 'आ आ' करायचं! भूमिका "चालेल" म्हणाली आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. तिला राग आला तो स्वतःच्या हातांचा. फालतू, बोटभर हात! गिटारचा राग तिला आलाच नाही. स्कर्ट पोटऱ्यांना लागायचा तेव्हासुद्धा तिला वाटायचं, आपलेच पाय कमी पडताहेत.

गुरुवारी संध्याकाळी मारोतराव दुकानातून पंच घेऊन आले. शाळेचे बेल्टही ते लांबच विकायचे, आणि मग गिऱ्हाइकाला या पंचानं जास्तीची भोकं पाडून द्यायचे. "आन तो पट्टा. आतल्या अंगानं भोकं पाडतो, गिटार कशी वर येते पाह्य." खट खट करून त्यांनी भोकं पाडली. गिटार खरंच वर आली, पोटाशी. "हं, वाजव आता. तुह्या आईले ऐकव."

भूमिकानं सुरुवात केली. डावा हात मानेच्या टोकाशी न्यायला तिचा कोपर पार सरळ झाला, खांदा खाली ओढला गेला, करंगळी ताणून पांढरी पडली. खर्रर्र! पुन्हा. खर्रर्र!

मारोतराव तिच्या हाताकडे बघत राहिले. तोंडभर हसणारा चेहरा हळूहळू उतरला. दुकानात उभ्या केलेल्या पोरांच्या बाह्या ते जशा बघायचे, तसा त्यांनी तो हात खांद्यापासून बोटांपर्यंत पाहिला.

"हात पुरून नाई राहिला तुहा."

"पुरंल, बाबा. प्रॅक्टिस केली की..."

"मनगट सुजलं हाय. काहून बोलली नाई वं?"

"तुम्ही एवढ्या खुशीनं आणली." इतकं म्हणून भूमिकाचा बांध फुटला. "अन् हातच लहान आहेत ना माझे! तुम्ही सगळं मोठं मोठं आणलं, बाबा. बूट, सायकल, सगळं. मीच पुरली नाही. मी वाढलीच नाही!"

आतलं लाटणं थांबलं. मारोतराव पंच हातात तसाच धरून खुर्चीत बसले. मग म्हणाले, "उद्या दुकान बंद."

डिसेंबर चालू, शाळेच्या स्वेटरांचा ऐन सीझन, आणि घाटोळे ड्रेसेस बंद! शामलानं दारात येऊन नवऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

धरमपेठेतलं वाद्यांचं दुकान लतिकाबाई चालवायच्या. साठीच्या, पांढऱ्या बॉबकटच्या, मोजकं बोलणाऱ्या. लाल गिटार परत आलेली बघून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "मी वाटच पाहत होते," त्या म्हणाल्या. "आज मुलीला आणलंत, बरं केलंत. बस गं या स्टुलावर."

त्यांनी एकेक गिटार तिच्या मांडीवर ठेवली आणि गिटारकडे बघायचं सोडून तिच्या कोपराकडे बघितलं. कोपर वाकलेला राहायला हवा, त्या म्हणाल्या. सरळ झाला की गिटार लांब. खांदा तिरपा झाला की गिटार जड. एक बरी निघाली, पण मान जाड होती, अंगठा मागे पुरेना. मग लतिकाबाईंनी कोपऱ्यातली एक निळी गिटार काढली. अंग पातळ, पाठ पोटाच्या बाजूनं कोरलेली, मान आखूड आणि बारीक.

भूमिकाचं तोंड एवढंसं झालं. ती गिटार बालवाडीच्या खुळखुळ्यांशेजारी टांगलेली होती. "ही लहान मुलांची आहे ना?"

"लहान चणीच्या माणसांची आहे," लतिकाबाई म्हणाल्या. "तारा सहाच, सूर तेच. घरं फक्त जवळ जवळ. आखूड मानेवर तारा थोड्या ढिल्या पडतात, म्हणून मी जराशा जाड लावून देईन."

भूमिकाच्या डोळ्यांसमोर अख्खं कॉलेज उभं राहिलं. आधीच टिल्ली म्हणतात, त्यात ही टिल्ली गिटार! "राहू द्या, बाबा. लालच ठेवू. मी करते जास्त सराव."

एरवी असं कुणी म्हटलं असतं तर मारोतरावांनी पाठ थोपटली असती. आज मात्र त्यांनी स्वतः उठून निळी गिटार तिच्या गळ्यात घातली. पट्ट्याला एकही भोक पाडावं लागलं नाही. "वाजवून तं पाह्य वं एक डाव."

भूमिकानं हात पुढे केला. कोपर वाकलेलाच राहिला. पहिलं बोट पहिल्या घरात. करंगळी चौथ्यात. पडली की! आवाज असा स्वच्छ आला की तिला वाटलं दुसऱ्याच कुणी वाजवलं. तिनं पुन्हा वाजवलं. पुन्हा. मग पूर्ण तुकडा, मग तोच दुप्पट वेगानं, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

"पण छोटी दिसते ना, बाबा?" तिनं भिंतीवरच्या आरशात बघत विचारलं.

मारोतराव तिच्या मागे येऊन उभे राहिले. "कोण म्हन्ते छोटी? तुह्या मापाची हाय." त्यांनी तिच्या खांद्यावरचा पट्टा सारखा केला. "तू मोठी व्हाची वाट पाहत बसलो म्या, येड्यावानी. तू तं कवाचीच झाली."

लतिकाबाई तारा शोधायच्या निमित्तानं आतल्या खोलीत गेल्या.

शनिवारी तालमीला रोहित स्वतःची गिटार जुळवून तयारच बसला होता. भूमिकानं कव्हर उघडलं, कुणीतरी "अरे, केवढीशी!" म्हटलं, आणि तिनं तुकडा वाजवला. रितिका धावत येऊन तिच्या गळ्यातच पडली, गिटारसकट. सगळ्यात जोरात टाळ्या रोहितनं वाजवल्या. "सुटलो बाप्पा! मले ते वाजवताच येऊन नव्हतं राहिलं," तो म्हणाला आणि सामोसे आणायला गेला.

गॅदरिंगच्या दिवशी संध्याकाळी भूमिका बाबांना घ्यायला दुकानात गेली. पाठीवर निळी गिटार, केसांना गजरा. आईनं हट्टानं माळला होता. मारोतराव शटर ओढायच्या बेतात होते, तेवढ्यात एक बाई आपल्या चिमुरडीला ओढत आत आल्या. "भाऊ, थांबा थांबा! शाळेचं स्वेटर द्या. दुसरीत हाय, पण तिसरीचं द्या. वाढत्या अंगाची हाय."

मारोतरावांचा हात सवयीनं वरच्या फळीकडे गेला. चिमुरडीनंही सवयीनं दोन्ही हात पुढे केले. अंगातल्या जुन्या स्वेटरच्या बाह्या दुमडून दुमडून मनगटावर वळकट्या झाल्या होत्या आणि त्यातून बोटांची फक्त टोकं बाहेर आली होती. भूमिकानं ती बोटं बघितली, आणि मग बाबांकडे बघितलं.

मारोतरावांचा हात फळीवर थांबला होता. तो खालच्या फळीवर आला. त्यांनी दुसरीचं स्वेटर काढलं, घडी मोडली आणि गुडघ्यावर बसून स्वतः पोरीच्या अंगात चढवलं. दोन्ही तळवे बाहेर आले. पोरीनं ते उलटसुलट करून पाहिले आणि खुदकन हसली.

"बापरे, हे तं पुढल्या साली होणारच नाई!" बाई वैतागल्या. "दरसाल नवीन घ्याले लावता काय, भाऊ?"

"ताई," मारोतराव बटणं लावता लावता म्हणाले, "पोरीले थंडी यंदा वाजून राहिली ना?"