सख्खा दीर

दौंडला जायचं ठरलं, त्या दिवसापासून बानूबाईनं मनाशी एक खोटं घोळवून ठेवलं होतं. ते तिनं नातीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

नात प्रगती शिक्रापूरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. लष्करातून निवृत्त झालेले दौंडचे जालिंदर हवालदार जवानांच्या घरच्यांची अडलेली कामं मार्गी लावतात, हे तिला तिथंच कळलं. रविवारी गावी आल्यावर ती म्हणाली, "आजी, मल्हारआजोबांचं पेन्शन तुला अजून मिळू शकेल. विचारायला काय जातंय?"

"आता कशाला ग?" बानूबाई म्हणाली खरी, पण त्या रात्रीपासून तिला दुसरं काही सुचेना. चैत्रात तिचा म्हातारा नवरा गेला, पाठोपाठ मुलानं मेंढरं विकली. जन्मभर लोकर आणि कोकरं तिच्या हाताखालून गेली होती. आता डोळ्यात घालायच्या थेंबांसाठीसुद्धा सुनेपुढं उभं राहावं लागे. सून वाईट नव्हती. पण देताना ती क्षणभर थांबायची, आणि तो क्षण बानूबाईला सोसत नसे.

मल्हार तिचा पहिला नवरा. एकाहत्तरच्या लढाईत गेला, तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि तो रजेवर दोनदाच आला होता. त्यानंतर पोस्टमन दर महिन्याला पैसे आणून देऊ लागला. वर्ष सरलं तसा सासऱ्यानं घरातली पोर घरातच राहावी म्हणून धाकट्या तात्याबाशी तिचा पाट लावला. पाटाला वाजंत्री नसते, वरात नसते. चार माणसं जमली, हिरव्या बांगड्या भरल्या, झालं. पुढच्या महिन्यात पैसे आले तेव्हा गावातलं एक शहाणं माणूस म्हणालं, "दुसरा घरोबा केलेल्या बाईला सरकारचा पैसा चालत न्हाई. आत जाशीला समदी." सासऱ्यानं पोस्टमनला हात जोडले. "परत न्या. सून दुसऱ्याच्या घरात गेली म्हून सांगा. खोट्याचा घास आमाला पचायचा न्हाई."

दसरा झाला की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, अशा जगण्यात पुन्हा कुणी चौकशी केली नाही.

तात्याबा तिच्याहून वर्षानं लहान. नवी नवरी म्हणून ती घरात आली तेव्हा "ए तात्या, पाणी आण" म्हणून त्याला पिटाळायची. पाटानंतर तो कितीतरी दिवस तिला चुकून वैनी म्हणायचा आणि जीभ चावायचा. तिनं मात्र त्या दिवसापासून त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं.

नाव घेतलं नाही, पण टोमणा सोडला नाही. कोकरू दगावलं, पाऊस लांबला, घरात मीठ संपलं, काहीही झालं की ती म्हणे, "तुमच्या पाटापायी माझं पेन्शन गेलं." तात्याबा भांडत नसे. "व्हय, गेलं खरं," म्हणायचा आणि काठी उचलून मेंढरांकडं जायचा.

न्हावऱ्यापर्यंत प्रगतीच्या स्कूटीवरून जाताना बानूबाईनं तिची कंबर घट्ट धरली होती. "हळू घे ग, मेंढरावानी रस्त्यात पडंन मी." पुढं एसटीत आणि केडगावहून रेल्वेत मात्र ती ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत राहिली.

जालिंदर हवालदारांचं घर स्टेशनपासून जवळ होतं. पुढच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर पलटणीचा फोटो. त्यांनी आधी चहा मागवला.

"घ्या मावशी. दौंडचं पाणी जड, पण चहाला चालतंय."

मल्हारची जुनी कागदं त्यांनी एकेक करून पाहिली. मग बानूबाईचं आधार कार्ड उचललं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बानूबाई तात्याबा कोळपे. हे तात्याबा कोण?"

प्रगती सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात बानूबाई बोलली.

"तात्याबा माझा दीर."

प्रगतीनं वळून पाहिलं. आजीच्या तोंडून आजोबांचं नाव ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

"कार्डावर नवऱ्याच्या जागी दिराचं नाव?"

"आधार काढलं तवा घरात करता पुरुष त्योच. त्याचंच नाव लागलं."

"आन् ही नात?"

"तात्याबाची. माझ्या दिराची." बानूबाईचा आवाज जराही हलला नाही. "मी पाट लावला न्हाई, साहेब. मल्हारच्या नावानंच ऱ्हायले."

नाव किती सोपं होतं. पन्नास वर्षं ओठांच्या आत अडवून धरलेलं ते नाव आज "ए तात्या" म्हणायच्या दिवसांसारखं सहज बाहेर पडत होतं. प्रगती खाली मान घालून पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली.

हवालदारांनी कार्ड टेबलावर ठेवलं.

"सख्खा दीर?"

"सख्खा. पाठचा भाऊ."

"मावशी, एक सांगतो, राग मानू नका. लढाईत गेलेल्या जवानाच्या बायकोनं परक्या माणसाशी लग्न केलं तर प्रश्न येतो. सख्ख्या दिराशी पाट लावला आणि त्याच घरात राहून घरच्यांना सांभाळलं, तर पेन्शन बंद होत नाही. ही सवलत जुनी आहे. मी भरती व्हायच्या आधीपासूनची. तुमच्या लोकांत, आमच्या लोकांत, किती जणींचा असा पाट लागलेला असतो. ते ध्यानात घेऊनच केलीय."

"बंद होत न्हाई?"

"होत नाही."

"तवाबी होत नव्हतं?"

"तेव्हाही नव्हतं. पैसे परत पाठवले नसते तर चालूच राहिलं असतं. आता उशीर फार झालाय. मागचं किती मिळंल, सांगता येत नाही. पण पुढचं मिळायला हवं. फक्त खरं तेच लिहायचं."

बाहेरून मालगाडी गेली. खिडकीची तावदानं थरथरली आणि थांबली. बानूबाईनं पदर तोंडाशी नेला, पण ती रडली नाही.

"मग लिवा," ती म्हणाली. "पाट लागला व्हता. वरीस झाल्यावर. सासऱ्यानं लावला आन् मी नांदले."

"कुणाशी? नाव सांगा."

तिनं तोंड उघडलं. आत्ताच दोनदा घेतलेलं नाव आता येईना.

"मला न्हाई घेता यायचं," ती म्हणाली. "पोरी, तू सांग."

"तात्याबा," प्रगती म्हणाली. "माझे आजोबा."

हवालदारांनी ते लिहून घेतलं.

परतीच्या गाडीला वेळ होता. दोघी फलाटावरच्या बाकावर बसल्या. आजीवर रागवावं की तिच्या पाठीवर हात ठेवावा, हे प्रगतीला ठरवता येत नव्हतं.

"आजोबांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं," अखेर ती म्हणाली.

"ते निघाले व्हते इचारायला."

"कधी?"

"तुझा बाप रांगत व्हता तवा." बानूबाईनं रुळांपलीकडं हात केला. तिकडं आता घरं होती आणि घरांवर पाण्याच्या काळ्या टाक्या. "तिथं रान व्हतं. आमी मेंढरं बसवली व्हती. सकाळी उठून भीमेवर आंघूळ केली, धोतर धुतलं, ते वाळंस्तवर नुसते बसून ऱ्हायले. मग पटका बांधला. मला म्हणले, हितं पलटणीतलं एक साहेब ऱ्हातंय म्हणं, इचारून येतो. माझ्यामुळं गेलं ते खरंच गेलं का, बघतो."

"मग? काय म्हणाले साहेब?"

"गेलेच न्हाई." तिनं हात मांडीवर घेतला. "मी म्हणले, काय सांगशीला सायबाला? भावाची बायको घरात घेतली म्हून सांगशीला? कोणत्या तोंडानं?"

प्रगतीनं रुळांपलीकडं पाहिलं.

"पटका सोडला. घडी घातली. आन् मेंढराकडं गेले."

केडगावकडं जाणारी गाडी लागली. प्रगतीनं पिशवी उचलली आणि आजीला हात दिला. बानूबाई उठली, पण तिची मान रुळांपलीकडंच होती.

"लांब नव्हतं ग," ती म्हणाली. "चालत गेले असते तर दुपारच्या भाकरीला माघारी आले असते."