न डिवचलेली नळी

ठरलेला निरोगी रक्तदाता आलाच नाही. अशा वेळी प्रयोगशाळेचा रिवाज सरळ होता: जो हाताशी सापडेल त्याची बाही वर. सापडली ती, तिथेच काम करणारी. फॉर्मवर विचारलं होतं, गेल्या पंधरा दिवसांत ताप, सर्दी, घसा? तिने ‘नाही’वर खूण केली. ताप लेकीला होता, तिला कुठे!

रक्त दोन नळ्यांत गेलं. एकीत मेलेल्या जंतूच्या कवचाचा अर्क टाकायचा; पांढऱ्या पेशी जंतू आला समजून खवळतात, सुजेची रसायनं सोडतात. ती मोजायची. दुसरीत काहीच टाकायचं नाही. तिथल्या पेशींनी गप्प बसायचं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडे आले. सात नंबरच्या दात्याची न डिवचलेली नळीही फणफणलेली.

"काही न बोलताच भडकलीय," शेजारच्या टेबलावरचे दादा म्हणाले. "आमच्या घरची दिसतेय!"

तिला हसू आलं नाही. सात नंबर कोण, ते फक्त फॉर्मवर होतं आणि फॉर्म तिच्याच खणात. सहा रात्री लेकीच्या उशाशी काढल्या होत्या. परवापासून घसा खवखवत होता, तो तिने जागरणाच्या माथी मारला होता.

गप्प बसलं तर निरोगी माणसांची सरासरी जराशी वर सरकणार, एवढंच. बोललं तर सगळा घाट पुन्हा, तोही शनिवारी. शनिवार तिने लेकीला कबूल केला होता.

पण याच सरासरीवरून पुढे तापाने आलेली पोरं जोखायची होती. रेघ वर सरकली की कुणाच्या तरी आईला सांगणार, काही नाही, घरी न्या.

ती प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या दारात उभी राहिली. "सात नंबर मी आहे. फॉर्म चुकीचा भरलाय."

मॅडमनी चष्मा काढला. "झोपेत भरलास का गं?"

"जवळजवळ."

"शनिवारी ये. नवा दाता शोधून आण. आणि बाई, तुझी बाही खालीच ठेव."

जिन्यात तिने सासूबाईंना फोन लावला. "आई, ताप?"

"उतरलाय. बिस्किटाचा भुगा करून बसलीय. तू कशी आहेस?"

मी ठीक, हे ओठांवर आलंच होतं. ती पायरीवर टेकली.

"घसा दुखतोय, आई. तीन दिवस झाले."